चार बोटं उचललेली फळी

या, जरा पुढे सरकून बसा. तिथे दाराशी वारा लागेल, आणि माझा आवाजही तिथवर पोचायचा नाही. आज तुम्हाला पाण्याची गोष्ट सांगते. आयुष्यभर दार लावायलाच शिकलेल्या माणसाला एका दुपारी ते उघडावं लागलं, त्याची गोष्ट. आमचे फादर जेर्वाझिओ रविवारचं अर्धं प्रवचन गाऊनच करतात. नोहाच्या तारवाशी आले की सूर असा चढवतात, की पुढच्या बाकावरच्या बायका पाय वर घेतात. मला तो गळा देवाने दिला नाही. पण त्या दिवशी पाणी चढत होतं आणि मी बांधावर उभी होते, तेवढ्या बळावर सांगते.

ओलिंदो फेल्लेत्ती माझा शेजारी, मधे फक्त कालवा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. आमच्या खाजणाच्या दक्षिण टोकाला हाताने मीठ काढणारं एकच आगर उरलंय, ते त्याचं. बाहेर खाजणाचं पाणी, म्हणजे जमिनीत शिरलेला उथळ समुद्र, मधे बांध, बांधाच्या आत त्याची कोंडी. कोंडी म्हणजे चिकणमातीची सपाट जमीन, तिच्यावर घोटासुद्धा बुडणार नाही इतकं पाणी, आणि उन्हाने त्यातून धरणारं मीठ. मातीवर एक साय असते, दुधावर धरते तशीच, पण हिरवट राखी, बोटाच्या पेराएवढी जाड. ती आहे म्हणून मीठ चिखलात मिसळत नाही, पांढरं निघतं. ओलिंदोच्या आजोबांनी ती धरवली, आई एर्सिलियाने जपली. त्या कोंडीत बुटाने कुणी उतरत नाही. पायांना सपाट फळकुटं बांधायची आणि बगळ्यासारखं पाऊल टाकत जायचं. मागे बिशप आले होते, त्यांनाही ओलिंदोने फळकुटं बांधली. म्हणाला, "स्वर्गात कसेही जा महाराज, इथे असंच जायचं."

साय एकदा फाटली की नवी धरायला वीस-पंचवीस वर्षं जातात. ती वर्षं त्याच्यापाशी नव्हती, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

त्याच बांधाच्या पोटात तेक्ला झोर्झान खणत होती. पादोव्हा शहरातली, चाळिशीची, जुनं उकरून त्याचा अर्थ लावणारी बाई. तिला बोलावलं ओलिंदोनेच. वसंतात बांध दुरुस्त करताना त्याच्या फावड्याला मडक्याचा कान लागला, तो त्याने धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याकडे पाठवला. जूनपासून तिने आतल्या अंगाने बांध उकरला, वीस पावलं लांब खड्डा केला. आत रांजणांची रांग निघाली. रोमन काळातले, दोन कानांचे, तेलाचे आणि दारूचे. रिकामे झाल्यावर तोंड खाली करून चिखलात रोवलेले, एकाला एक खेटून, वरून माती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथेच बांध होता आणि इथेच मीठ होतं. रांगेच्या मधोमध त्यांची उघाडी होती, म्हणजे पाणी आत घ्यायचं दार. अगदी आमच्यासारखीच: दोन दगडी खांब, खांबांना खाच, खाचेत वरखाली सरकणारी ओकची फळी. ओल्या मातीत राहून लाकूड काळं पडलं होतं, पण कुजलं नव्हतं.

फक्त ती फळी लावलेली नव्हती. चार बोटं वर होती, आणि खाली एका रांजणाची तुटकी मान पाचरीसारखी ठोकलेली. तिच्या अंगावर वादळाने आणलेली वाळू बसली होती.

ओलिंदोची त्यावर उन्हाळाभर करमणूक झाली. "वादळ आलं आणि हा गडी दार उघडं टाकून झोपला! माझ्या हाताखाली असता तर कान लाल केला असता." रोज खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्या फळीला विचारायचा, "काय रे झोपाळ्या, उठलास का?" तेक्ला हसायची. तिनेही वहीत लिहून ठेवलं होतं: रखवालदाराचा निष्काळजीपणा.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. सिरोक्को तीन दिवस वाहत होता. दक्षिणेचा तो गरम, चिकट वारा समुद्राला खाजणात ढकलतो, आणि त्यात पौर्णिमा. सकाळी रेडिओवर सांगितलं की पाच वाजता उधाणाची भरती, नेहमीच्या भरतीच्या वर कमरेइतकी. तेक्लाने हाताखाली खणणाऱ्या मुलांना निघालेल्या वस्तूंच्या पेट्या देऊन नावेतून गावात पाठवलं. पंप खड्डा कोरडा ठेवत होता, तो तसाच घरघरत ठेवला.

ओलिंदोने त्याच्या बापाने केलं असतं तेच केलं. खड्ड्यापासून चाळीस पावलांवर त्याची स्वतःची उघाडी आहे. तिची फळी त्याने तळापर्यंत दाबली, आणि बाहेरून आतून ओली चिकणमाती पायाने तुडवून घट्ट बसवली. पाण्याचा थेंब आत येता कामा नये. कोंडी पांढरी झाली होती, सात आठवड्यांच्या उन्हाचं मीठ. शनिवारी ओढायचं होतं.

मी जेवण घेऊन पोचले तेव्हा तो फळीशेजारी बसून हाताची माती खरवडत होता.

"आर्जिये, वाम आणलीस की नुसतंच स्तोत्र?"

"दोन्ही. आधी स्तोत्र."

"मग गार होणार."

भाजलेली वाम मासळी आणि पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचा, तुकडा त्याने तोंडात घातला, तेवढ्यात तेक्ला खड्ड्यातून वर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा की मी डबा खाली ठेवला.

"ओलिंदोकाका, बांध पाझरतोय. रांजणांच्या मधून."

आम्ही गेलो. खड्ड्यात उतरल्यावर वारा लागेनासा झाला आणि पाण्याचा आवाज ऐकू आला. रांजणांच्या फटींतून बारीक धारा निघत होत्या, एक इथे, एक तिथे. बांधाची आतली अर्धी बाजू तिने उकरून काढलेली, बाहेरची अर्धी तेवढी उरलेली. तिच्यापलीकडे खाजण चढत होतं आणि अलीकडे पंपाने रिकामा केलेला खड्डा. ओलिंदोने रांजणांच्या पोटाला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"ढकलतंय," तो म्हणाला.

वाळूच्या पिशव्या होत्या तेवढ्या आम्ही तिथे रचल्या. धारा पिशव्यांखालून निघू लागल्या. तेक्ला पंपाकडे धावली, नळी काढून उलटी लावली. खड्ड्यातच पाणी भरू, म्हणाली, आतून दाब मिळेल. खड्डा आणि कोंडी यांच्या मधे गुडघाभर उंचीची पिशव्यांची भिंत होती. पाणी तिच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि भिंत कोंडीकडे झुकली. दोन पिशव्या घसरून मिठात पडल्या.

"बंद कर!" ओलिंदो ओरडला. "माझ्या सायीवर वाळू पाडतेस!"

तिने पंप बंद केला, नळी पुन्हा सरळ लावून भरलेलं पाणी घोट्यापर्यंत उपसलं. दीड वाजून गेला होता. ती त्या जुन्या फळीसमोर, पाण्यातच, मांडी घालून बसली. मला वाटलं, बाई खचली. पण ती बघत होती. फळीच्या खालची माती बोटाने पुसत होती.

"आर्जियाबाई, टॉर्च द्या."

मी दिला. तिने उजेड फळीच्या अलीकडे टाकला, मग पलीकडे.

"काका, खाली या."

"माझे गुडघे गेलेत."

"या हो!"

तो उतरला. ती म्हणाली, "ही वाळू बघा. फळीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीची, सपाट, मैद्यासारखी बारीक. आणि तिच्याखाली ही काळी रेघ. ही काय आहे?"

ओलिंदोने नख लावून बघितलं. "साय," तो म्हणाला. मग बोट पुढे सरकवत, "फाटलेली नाही."

"दार चुकून उघडं राहिलं असतं तर पाणी धारेने आत घुसलं असतं. फळीच्या मागे हा एवढा खड्डा पडला असता. खड्डा नाहीये. पाणी हळू आलं, काका. बाहेर फार चढायच्या आधी त्या रखवालदाराने स्वतः फळी उचलली, चार बोटं, आणि पाचर ठोकली. आतलं पाणी बाहेरच्याबरोबर चढू दिलं. बांधाला दोन्हीकडून सारखा रेटा. तो झोपला नव्हता."

ओलिंदोने नखातली काळी साय अंगठ्याने चोळली.

"आपल्याला तेच करायला हवं. तुमची उघाडी. आत्ता."

"माझं मीठ?"

"जाईल."

"सगळं?"

"सगळं."

तो खड्ड्यातून वर चढला, हाताने गुडघा उचलत. वर आल्यावर बोलला तो वाऱ्यावरून ओरडून. "मी बावीसचा होतो तेव्हाचा पूर. माझा बाप फळीला पाठ लावून उभा राहिला, उजाडेपर्यंत. कमरेखाली जीव राहिला नव्हता त्याच्यात. पाणी आत नाही आलं! आणि तू मला वहीतल्या एका माणसासाठी दार उघडायला सांगतेस?"

"तेव्हा बांध अख्खा होता," तेक्ला म्हणाली. "त्याचा अर्धा मी खाल्लाय. बांध फुटला तर मीठही जाईल आणि सायही. तुमचा दोष नाही, माझा आहे. शिव्या द्या, पण नंतर."

"नंतर देणारच आहे."

"बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा आत्ता वीतभरच वर आहे. आत्ता उचललीत तर सरपटत येईल. चार वाजता उचललीत तर तोफेसारखं सुटेल, आणि ती धारच साय फाडेल. मग उघडा नाहीतर बंद ठेवा, सारखंच."

त्याने खाजणाकडे पाहिलं. बांधाच्या बाहेर एक खांब रोवलेला आहे, त्यावर त्याच्या बापाने चाकूने केलेल्या खुणा. आम्ही आलो तेव्हा तीन खुणा दिसत होत्या. आता दोन.

तो हलेना. तेक्लाचा धीर सुटला. ती चाळीस पावलं धावत गेली आणि ओलिंदोच्या उघाडीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

देवा रे! आमच्याकडे शेजाऱ्याची कोंडी बुडत असली तरी त्याच्या उघाडीला कुणी हात लावत नाही. धावत जाऊन त्याला उठवतात, ओढत आणतात, पण फळीवर हात त्याचाच. बाप मेला की पोराचा हात पहिल्यांदा फळीवर ठेवतात, आणि देवळातून पवित्र पाणी आणून शिंपडतात.

"हात काढ!" ओलिंदो असा ओरडला की दलदलीतले बगळे उडाले.

तेक्लाने हात काढले. चिखलात मटकन बसली. "मग तुम्ही हात लावा," ती म्हणाली. "कृपा करा. लावा."

ओलिंदो फळीपाशी आला. कोंडीकडे बघत उभा राहिला. ढगाळलेल्या उजेडातही मीठ डोळ्यांना टोचत होतं.

"आर्जिये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं देवाशी बरं आहे. तू सांग."

चाळीस वर्षं मी देवळात दिवे लावते. मी म्हटलं, "देव मला आगरातलं काही सांगत नाही ओलिंदो. भिऊ नकोस, एवढंच तो सगळ्यांना सांगतो. फळी किती उचलायची ते तुझं तुला ठाऊक."

त्याच वेळी खड्ड्यातून टक् असा आवाज आला. भांडं तडकावं तसा. मग चिखलात काहीतरी थपकन पडलं. रांगेतला एक रांजण पुढे सुटून आला होता, आणि त्याच्या जागेतून मनगटाएवढी धार सुटली होती.

ओलिंदोने खाली वाकून मातीत बोटं खुपसली.

"बघत काय बसलात! उकरा!"

त्यानेच तुडवून बसवलेली माती. सकाळी किती चांगली बसवली होती! फावडं जोरात मारावं तर फळी चिरेल, म्हणून हातांनीच. तिघे गुडघ्यावर. माझी नखं उलटली. वारा पाण्याचे शिंतोडे तोंडावर मारत होता, आणि ओलिंदो प्रत्येक मुठीगणिक पुटपुटत होता. आधी मला वाटलं, माळ जपतोय. कान दिला तर तेक्लाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

"नंतर म्हणाला होतात," तेक्ला धापा टाकत म्हणाली.

"ही नुसती सुरुवात आहे, बाई."

माती निघाली, पण फळी फुगून खाचेत अडकली होती. ओलिंदोने मूठ धरली, पाठ ताठ केली. हलली नाही. आम्ही दोघींनी हात पुढे केले आणि दोघींनीही थांबवले. त्याने आमच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, एकदाच.

"धरा," तो म्हणाला.

सहा हातांनी ओढली. फळी कुरकुरली, सुटली, वर आली. ओलिंदोने खाली आपला हात आडवा घातला आणि बोटं मोजली. चार. "पाचर!" पाचर कुठे होती? त्याने कमरेला लटकवलेलं पायाचं फळकूट सोडलं आणि फळीखाली ठोकलं.

पाणी आत आलं. सरपटत, मळकट, फेस न करता, एखाद्या पाहुण्यासारखं. कोंडीच्या काठावरचं मीठ आधी राखी झालं, मग काचेसारखं, मग दिसेनासं. वारा जरा पडला तेव्हा विरघळण्याचा आवाजही आला, खूप लहान, तव्यावर थेंब पडावा तसा, सगळीकडून. सात आठवडे. ओलिंदोने टोपी काढून छातीशी धरली होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं.

पाणी कोंडीभर पसरलं, पिशव्यांवरून खड्ड्यात उतरलं. चार धारा होत्या त्या तीन झाल्या, मग दोन. मनगटाएवढी धार त्या पाण्याखाली गेली. काळी जुनी फळी बुडायला लागली तेव्हा ओलिंदो खड्ड्याच्या काठाशी गेला. "माफ कर रे," तो तिला म्हणाला. "उन्हाळाभर बोललो तुला."

काम तिथे संपलं नव्हतं. बाहेरचं पाणी चढेल तशी फळी थोडी वर घ्यायची, पाच बोटं, मग सात. जास्त घेतली तर धार होते, कमी घेतली तर आतलं पाणी मागे पडतं. आता फळीवर हात फक्त ओलिंदोचा. तो मांडीभर पाण्यात उभा, डोळे बापाच्या खांबावर. तेक्ला रांजणांच्या वर, बांधाच्या माथ्यावर पालथी पडून, कान मातीला लावून ओरडत होती, "ढकलतंय!" की तो बोटभर वर घ्यायचा. "थांबलं!" की थांबायचा. मी दोघांच्या मधे उभी राहून तिचा शब्द त्याला पोचवत होते, कारण वाऱ्यात चाळीस पावलंही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा फादर जेर्वाझिओंइतका आवाज फुटला.

साडेचारला शेवटची खूण बुडाली. पाच वाजता बांधाच्या माथ्याला आणि पाण्याला हातभर अंतर होतं, मग वीतभर. बांध पायाखाली थरथरला. मी मारियामातेचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

"आर्जिये, डोळे उघड! काय म्हणतेय ती?"

"थांबलं म्हणतेय!"

"पुन्हा विचार."

"थांबलं!"

सव्वासहाला खांबावर ओली खूण दिसली. पाणी उतरायला लागलं होतं. बांध उभा होता. तरीही ओलिंदोने फळी सोडली नाही. आतलं पाणीही तितक्याच हळू बाहेर सोडायचं होतं, नाहीतर ओहोटी बांध आतून बाहेर ढकलते. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तेक्लाने त्याला खांद्याला धरून पाण्यातून काढलं. त्याचे ओठ निळे झाले होते.

कोंडी रिकामी व्हायला चार दिवस लागले. शनिवारी, मीठ ओढायच्या दिवशी, आम्ही तिघे काठावर उभे होतो. खाली सगळं मळकट, गवताच्या काड्या, एक मेलेला खेकडा. वरून काही कळत नव्हतं. ओलिंदो फळकुटं न बांधता, अनवाणी उतरला. एक पाऊल टाकलं, अंगठ्याने चाचपलं. दुसरं. तेक्लाने माझा हात इतका आवळला की हाडं दुखली. तो अर्ध्या कोंडीपर्यंत गेला, मग पलीकडच्या काठापर्यंत. मग तिरका, उघाडीकडे, जिथून पाणी आत आलं होतं. तिथे वाकायला त्याला किती वेळ लागला! तळहात ओल्या गाळाखाली घातला आणि तसाच राहिला.

"आहे," तो म्हणाला.

मग तिथेच बसून रडला, आणि रडता रडता तेक्लाला उरलेल्या शिव्या दिल्या. ती ऐकत उभी राहिली, एकही चुकवली नाही.

त्या वर्षी त्याच्या आगरातून मीठ निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात निघालं, पांढरंच. तेक्ला बांध परत भरून गेली, रांजण जागच्या जागी ठेवून. पण मांडीभर पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या दुपारीच ओलिंदोच्या छातीत गारठा बसला, तो काही निघाला नाही. या हिवाळ्यात तो अंथरुणातून उठलेला नाही. खिडकीतून खाजण दिसतं, तेवढं बघतो. मी वाम घेऊन जाते, दोन घास खातो, माझ्या गाण्याला नावं ठेवतो.

एवढीच माझी गोष्ट. आता घरी जाल, निजायच्या आधी हात जोडाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल. त्यांत एक नाव आमच्या इथलं घ्या: ओलिंदो फेल्लेत्ती, एर्सिलियाचा मुलगा. त्याची आठवण ठेवा.